हौसेचे मोल कोणी द्यावयाचे?

आपल्या सार्वजनिक व्यवहारात काही शब्द असे रूढ होऊन बसले आहेत की, ते उच्चारताच सर्व प्रश्न मिटले असे सांगणाऱ्यासही वाटते आणि ऐकणाऱ्यासही. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द त्यांपैकीच होत. वाहनतळाच्या भिंतीवर ते असतात, पोहण्याच्या तलावाच्या दाराशी असतात, देवळापुढील चपलांच्या खणाजवळही असतात. चप्पल गेली तर फारसे बिघडत नाही; म्हणून तेथे त्यांच्या खरेखोटेपणाची चौकशी करण्याच्या भरीस कोणी पडत नाही. परंतु हेच शब्द जेव्हा हौशी मोटारशर्यतीच्या प्रवेशपत्राखाली छापले जातात, आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा ते न वाचताच खाली सही ठोकून मोकळा होतो, तेव्हा गमावण्याची वस्तू चपलेहून फार मोठी असते. ती त्याचे हातपाय असते, त्याचा मेंदू असतो, क्वचित् त्याचा प्राण असतो. अशा ठिकाणी तरी या शब्दांचा अर्थ काय, ते कोणास कितपत बांधतात, आणि जी जबाबदारी ‘स्वतःची’ म्हणून लिहून घेतली जाते ती अखेर कोणाच्या खांद्यावर जाऊन पडते, याचा विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. त्या सहीने स्पर्धक खेळातला धोका पत्करतो. आयोजकाची हयगय तो पत्करीत नाही आणि कोणीही त्याजकडून ती पत्करवून घेऊ नये.

हा प्रश्न आम्ही मुकुंदवाडीकडे बोट दाखवून मांडीत आहो, यास कारण आहे. छत्रपती संभाजीनगराच्या पूर्वेस, जालना रोडच्या कडेने ही वस्ती पसरली आहे. जवळच चिकलठाण्याचा विमानतळ आहे आणि चिकलठाण्याचीच औद्योगिक वसाहत आहे. या शहराचे आणि यंत्रवाहनांचे नाते आजकालचे नाही. वाळूज येथे बजाजचा कारखाना १९८५ साली उभा राहिला. शेंद्र्यास २००१ साली स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. आणि या दोन टोकांच्या मध्ये सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखाने, दुरुस्तीची गॅरेजे, जुन्या वाहनांचे बाजार यांवर असंख्य घरांची चूल पेटते. ज्या शहरातील मुलगा इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा दोष सांगतो, त्या शहरात वेगाचे आकर्षण असू नये असे म्हणणे म्हणजे कोळ्याच्या पोरास पाण्याचे भय घालण्यासारखे आहे. ते आकर्षण आम्हांस निंद्य वाटत नाही. हात, डोळा आणि बुद्धी ही तिन्ही एका क्षणी एकाच ठिकाणी आणावयास लावणारा हा खेळ आहे, आणि ज्या समाजातील तरुण कोणताच धोका पत्करीत नाहीत त्या समाजाचे आम्हांस कौतुक नाही.

पण ही हौस भागवावी कोठे? मोटारशर्यतीच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन ही मूळची दुसऱ्या महायुद्धातील विमानांची धावपट्टी; मद्रासजवळील शोलावरम् हीही तशीच. युद्ध संपले, विमाने गेली आणि मोकळ्या पडलेल्या पट्ट्यांवर मोटारी धावू लागल्या. मुकुंदवाडीच्या मुलाच्या वाट्यास मात्र विमानतळाचे केवळ कुंपण आलेले आहे. ज्या पक्क्या धावपट्ट्यांची नावे देशभर घेतली जातात त्या चेन्नईजवळ, कोइमतूरास आणि दिल्लीशेजारी ग्रेटर नोएडास आहेत. तेथवर जाण्यायेण्याचा, यंत्र वाहून नेण्याचा आणि परवाना मिळविण्याचा खर्च कारखान्यातल्या पगारात बसत नाही. तेव्हा त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, रात्री मोकळा झालेला रस्ता. दुसरा, कोणी उत्साही मंडळींनी एखाद्या रिकाम्या माळावर चुन्याच्या रेघा मारून आणि जुने टायर रचून भरविलेली रविवारची शर्यत. पहिला मार्ग उघडउघड बेकायदा आहे. दुसरा त्याहून शतपटीने बरा आहे, आणि म्हणूनच तो नीट बांधून घेतला पाहिजे.

या माळावरच्या शर्यतीच्या प्रवेशपत्रात साधारणतः काय असते? स्पर्धकाने स्वखुशीने भाग घेतला आहे, इजा वा मृत्यू झाल्यास आयोजक, जागामालक, पुरस्कर्ते यांपैकी कोणीही जबाबदार राहणार नाही, आणि स्पर्धकाचे वारस कोणताही दावा सांगणार नाहीत. एका वाक्यात तीन अगदी भिन्न गोष्टींची येथे मोट बांधलेली असते. वळणावर मोटारसायकल घसरून पडणे हा खेळाचा धोका आहे. तो कोणत्याही दक्षतेने पूर्णपणे टळत नाही. त्याच वळणावर लोखंडी खांब उघडा ठेवणे, किंवा रुग्णवाहिका बोलाविलीच नसणे, हा आयोजकाचा निष्काळजीपणा आहे. तो खेळाचा भाग नव्हे. आणि घसरलेले वाहन दोरीपलीकडे उभ्या असलेल्या पोरावर जाऊन आदळणे ही तिऱ्हाइताची हानी आहे. त्याची तर सहीच नसते. पहिल्या गोष्टीस दिलेली संमती दुसरीस आणि तिसरीस परस्पर लावून देणे हाच या हमीपत्राचा सारा खटाटोप होय.

कायद्याने हा भेद फार पूर्वीच ओळखलेला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८७ व्या कलमात एक दृष्टांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २५ व्या कलमात तो जसाचा तसा कायम आहे. दोघे जण करमणुकीसाठी तलवारीचे हात खेळण्याचे ठरवितात. अशा वेळी खेळता खेळता होणारी इजा सोसण्यास दोघांची संमती आहे असे मानले जाते, आणि एकाने सरळपणे खेळत असता दुसऱ्यास इजा केली तर तो गुन्हा होत नाही. या दृष्टांतातील सारे मर्म ‘सरळपणे खेळत असता’ या अटीत आहे. संमती आहे ती खेळाच्या रीतीला; दगलबाजीला नव्हे. शिवाय ही संमती देणारा अठरा वर्षांवरील असला पाहिजे, असेही त्याच कलमाचे म्हणणे आहे. आणि मृत्यूच घडला तर न्याय संहितेचे १०६ वे कलम आहेच. बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यू ओढवल्यास पूर्वीच्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती. आता ती पाच वर्षांपर्यंत आहे. फौजदारी गुन्ह्याची माफी मृताने आगाऊ लिहून ठेवावी आणि ती सरकारावर बंधनकारक व्हावी, अशी सोय कोणत्याही कायद्यात नाही.

दिवाणी बाजूस काय आहे तेही पाहू. इंग्लंडातील ब्रुकलंड्स येथे १९०७ पासून शर्यती होत. १९३० साली तेथे दोन मोटारी एकमेकींस लागल्या, त्यांतील एक कठडा ओलांडून प्रेक्षकांत गेली आणि दोघे प्रेक्षक मरण पावले. जखमी प्रेक्षकाने मालकांवर दावा केला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला, परंतु अपील न्यायालयाने तो फिरविला. कारण असे की, इतक्या वर्षांत मोटार कठड्यापलीकडे गेल्याचा प्रसंगच आला नव्हता, आणि वाजवी तेवढी काळजी मालकांनी घेतली होती. या निकालाचा दाखला आयोजक मोठ्या समाधानाने देतात. पण त्याचे तात्पर्य त्यांच्या सोयीचे नाही. मालक सुटले ते तिकिटावरच्या शब्दांमुळे नव्हे. काळजी घेतल्यामुळे सुटले.

याच देशातील दुसरा खटला आमच्या विषयाच्या अधिकच जवळचा आहे, कारण तो हौशी शर्यतीचाच आहे. जुन्यापान्या मोटारींची एक शर्यत धर्मादाय कार्यासाठी भरविली होती. एक स्पर्धक आपली फेरी आटोपून दोरीबाहेर बायकोमुलापाशी येऊन उभा राहिला. तेथून बऱ्याच अंतरावर एका मोटारीचे चाक त्या दोरीत अडकले. दोरी ताणली गेली, खुंटे उपटले, आणि हा मनुष्य हवेत फेकला जाऊन मेला. १९७२ साली त्याच्या विधवेच्या दाव्याचा निकाल लागला. दोरी व खुंटे ज्या चुकीच्या रीतीने बांधले होते त्याची त्यास कल्पना नव्हती, म्हणून तो धोका त्याने पत्करला असे म्हणता येत नाही, हे न्यायालयास मान्य झाले. तरीही तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी विधवेस रित्या हाताने परत पाठविले. का, तर मैदानावर जबाबदारी नाकारणारे फलक लावलेले होते! लॉर्ड डेनिंग यांनी मात्र भिन्न मत दिले. हा निकाल वाचून ज्याच्या मनास काहीच टोचत नाही त्याच्याशी आमचा वाद नाही. खुद्द इंग्लंडास तो प्रकार फार दिवस रुचला नाही. १९७७ च्या कायद्याने तेथे व्यवसाय म्हणून चालणाऱ्या कामापुरती तरी अशी सूचना व असा करार निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूच्या वा इजेच्या बाबतीत निरर्थक ठरविला.

आपल्याकडे अशा नेमक्या शब्दांचा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे २३ वे कलम आहे. सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार त्याने अवैध ठरतो, आणि बलाढ्य पक्षाने दुबळ्यावर लादलेल्या अन्याय्य अटी या कलमाखाली टिकत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच सांगितले आहे. विधी आयोगाने २००६ साली आपल्या १९९ व्या अहवालात अन्याय्य करारांचा प्रश्न हाती घेतला. २०१९ च्या ग्राहक कायद्यातही अन्याय्य कराराची व्याख्या आली आहे. परंतु हे सारे वकिलांच्या कपाटात आहे; माळावर सही करणाऱ्या मुलाच्या कानी यांतले काहीच जात नाही. त्याला आणि त्याच्या बापाला असेच वाटते की, एकदा सही झाली म्हणजे दार बंद झाले. आमच्या मते या हमीपत्राचे खरे बळ ते कायद्यात टिकते यात नाही. दुःखाने खचलेली माणसे ते पाहून न्यायालयाची पायरीच चढत नाहीत, यात आहे.

सही करणारा अज्ञान असेल तर हा प्रकार केवळ हास्यास्पद नव्हे, क्रूर होतो. अज्ञानाशी केलेला करार मुळातच शून्यवत् आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली सांगून ठेवले आहे. तरी मुले उतरतात, आईबाप सह्या करतात. २०२३ च्या ऑगस्टात चेन्नईजवळच्या धावपट्टीवर राष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेतील नवोदितांच्या शर्यतीत बंगळूरचा तेरा वर्षांचा एक मुलगा पडून मरण पावला. त्याच धावपट्टीवर त्याच वर्षीच्या जानेवारीत एकोणसाठ वर्षांचा एक अनुभवी मोटारचालक मृत्यू पावला होता. त्या धावपट्टीस राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे, तेथे डॉक्टर असतात, निशाणवाले असतात, नियमांची पोथी असते. जेथे एवढे सारे असते तेथेही वेग आपला कर वसूल करतो. मग जेथे चुन्याची रेघ हीच काय ती तटबंदी, तेथे काय व्हावे? प्रौढ मनुष्याने जाणूनबुजून पत्करलेला धोका आणि तेरा वर्षांच्या पोराने बापाच्या टाळ्यांसाठी पत्करलेला धोका या दोहोंस एकच नाव देण्यास आमची जीभ धजत नाही.

आता ज्यांनी कसलीच सही केलेली नसते त्यांजकडे वळू. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानात राष्ट्रीय मोटार रॅली चालू असता, शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. तीवर नवरा, बायको आणि त्यांचा मुलगा होता. शर्यतीच्या मोटारीची धडक बसून तिघेही गतप्राण झाले. १९५७ साली इटलीतील मिल्ले मिल्या या शर्यतीत एक फेरारी मोटार रस्ता सोडून गर्दीत घुसली. चालक व त्याचा सोबती यांच्याखेरीज नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पाच मुले होती. मोटारी बनविणाऱ्या एन्झो फेरारी यांजवर खटला भरला गेला आणि तो १९६१ पर्यंत चालून ते निर्दोष सुटले. सार्वजनिक रस्त्यावरील ती शर्यत मात्र कायमची बंद पडली. अशा प्रसंगी चालक म्हणतो, रस्ता बंद आहे असे मला सांगितले होते. आयोजक म्हणतो, लोक ऐकत नाहीत. पोलीस म्हणतात, आमच्याकडे माणसे नव्हती. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य असते, आणि तेवढ्या थोड्या थोड्या तथ्यांच्या फटींतून तीन माणसे नाहीशी होतात.

पण ‘स्वतःची’ म्हणून सांगितलेली जबाबदारी सर्वांत अधिक खोटी ठरते ती स्पर्धकाच्या घरात. मुकुंदवाडीतल्या ज्या घरात एकच मोटारसायकल आहे, तीच सकाळी बापास कारखान्यात नेते आणि तीच रविवारी मुलाची शर्यतीची घोडी होते, त्या घराने आपल्या विम्याचा कागद कधी उलगडून पाहिला आहे काय? मोटारविम्याच्या ठरावीक नमुन्यातच, संघटित शर्यत, वेगाची चाचणी अशा उपयोगांस विमा लागू नाही, असे लिहिलेले असते. एवढेच नव्हे, तर तिऱ्हाइतास इजा झाली असता देखील हा उपयोग दाखवून बचाव घेण्याची मुभा मोटार वाहन कायद्याच्या १५० व्या कलमाने विमा कंपनीस दिलेली आहे. म्हणजे ज्या दिवशी विम्याची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच दिवशी तो कागद कोरा होतो. शिवाय २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले आहे की, स्वतःच्याच बेदरकार चालविण्याने मेलेल्या मनुष्याच्या वारसांस विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. तो खटला शर्यतीचा नव्हता, हे खरे. पण वेग हाच ज्याचा हेतू, त्याच्या वारसांची वाट याहून सुगम असेल असे मानण्यास आम्हांस आधार दिसत नाही. मुलगा मेला तर रडावे लागते. मुलगा मानेखाली लुळा होऊन पडला तर रडण्यासही उसंत मिळत नाही. आई त्याची कूस बदलते, बहिणीचे शिक्षण थांबते, बाप घाटी रुग्णालयाच्या ओसरीत रात्री काढतो. यांपैकी कोणाची सही त्या कागदावर होती? हौसेला मोल नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. मोल आहे, ते दुसऱ्याच्या नावे मांडले जाते, इतकेच.

आता सरकारचे काय? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे १८९ वे कलम असे की, राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत वा वेगाची चाचणी जो होऊ देईल किंवा तीत भाग घेईल तो शिक्षेस पात्र होईल. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. आता तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. अज्ञान मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केल्यास १९९ अ कलमान्वये पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाचकांनी १८९ व्या कलमातील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, ‘होऊ देणारा’ आणि ‘भाग घेणारा’ हे कायद्याने एकाच पंक्तीस बसविले आहेत. तरी सामान्यतः पकडला जातो तो गाडीवरचा पोरगा, आणि पैजेचे पैसे गोळा करणारा अंधारात निसटतो. चोर सोडून संन्याशास सुळी म्हणतात ती हीच. दुसरी, हे कलम सार्वजनिक जागेपुरतेच आहे. कुंपण घातलेल्या खासगी माळावर काय असावे आणि काय नसावे, याविषयी ते मौन धरते.

या मौनाची तुलना आपल्याच राज्यातील दुसऱ्या एका शर्यतीशी करावी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांच्या शर्यती थांबविल्या. मग २०१७ साली महाराष्ट्राने कायदा केला, नियम केले. आणि २०२३ च्या १८ मे रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा वैध ठरविला. त्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, अनामत रक्कम भरावी लागते, धाव एक हजार मीटरांहून लांब असता कामा नये, बैलांची तपासणी पशुवैद्याने केलेली असावी लागते. बैलाची एवढी काळजी घेतली जाते याचा आम्हांस आनंदच आहे. तो मुका जीव आहे आणि त्याने कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. दहीहंडीस २०२२ साली राज्याने साहसी खेळ म्हणून मान दिला आणि गोविंदांच्या विम्याची सोय केली, हेही योग्यच झाले. परंतु बैलाच्या शर्यतीस नियम आणि माणसाच्या शर्यतीस हमीपत्र, ही वाटणी कोणत्या न्यायाची? माळावर ट्रॅकची लांबी किती असावी, प्रेक्षक किती अंतरावर उभे राहावेत, रुग्णवाहिका कोठे असावी, हे बैलगाड्यांसाठी लिहू शकणाऱ्या लेखणीस मोटारसायकलींसाठी लिहिता येऊ नये, असे का व्हावे?

आमच्या या म्हणण्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, आणि ते दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे त्यांचा निरनिराळा परामर्श घेणे भाग आहे. आयोजक म्हणतील, ‘आम्ही काही धंदा करीत नाही. पदरचे पैसे घालून, सुटीचा दिवस मोडून पोरांसाठी हे करतो. उद्या एखादा अपघात झाला आणि आमच्या घरादारावर जप्ती आली, तर पुन्हा कोण या भानगडीत पडेल?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. वाजवी काळजी घेणाऱ्या मनुष्यावर कायदा जबाबदारी लादीत नाही, हे वरील ब्रुकलंड्सच्या निकालावरून स्पष्टच आहे. ज्याने वळणावरचा खांब काढला, प्रेक्षकांस दूर ठेवले, डॉक्टर आणला, विमा उतरविला आणि पाऊस पडताच शर्यत थांबविली, त्यास भिण्याचे कारण फार थोडे आहे. ज्याने यांतले काहीच केले नाही त्याने भ्यावे, हेच तर आमचे मागणे आहे. आणि विम्याचा हप्ता जर शर्यतीच्या खर्चात बसत नसेल, तर ती शर्यत लहान करावी. एका वेळी एकच गाडी सोडून घड्याळावर वेळ मोजावी. वेगापेक्षा वळणांचे कौशल्य पाहावे. धर्मार्थ पाणपोई घालणाऱ्यासही गढूळ पाणी पाजण्याची मुभा नसते.

दुसऱ्या बाजूने काही सज्जन म्हणतील, ‘ही सारी थेरे बंदच का करू नयेत?’ त्यांस आमचे एवढेच विचारणे आहे की, बंद करून ती थांबतील काय? माळावरील शर्यत बंद झाली म्हणजे तोच मुलगा, तीच गाडी घेऊन, मध्यरात्री जालना रोडवर येईल. तेथे दोरी नाही, डॉक्टर नाही, समोरून शेवटच्या पाळीचा कामगार सायकलीवर घरी येत आहे, आणि त्याला हे ठाऊकही नाही की आपण एका शर्यतीच्या मधोमध आहो. बंदी घालणाऱ्याचा हात स्वच्छ राहतो; रस्ता मात्र राहत नाही. शिवाय गिर्यारोहण, पोहणे, कुस्ती, मल्लखांब यांतही माने मोडल्या आहेत. धोका आहे एवढ्याच कारणाने खेळ निषिद्ध मानावयाचे तर तरुणांच्या हाती पत्त्यांचा डाव तेवढा उरेल.

तस्मात् आमचे मागणे बंदीचेही नाही आणि मोकाट सोडण्याचेही नाही. राज्य सरकारने १८९ व्या कलमाखालील संमती कोणत्या अटींवर दिली जाईल हे एकदा लिहून जाहीर करावे, आणि बैलगाड्यांप्रमाणेच खासगी मैदानावरील शर्यतींसही जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीखाली आणावे. स्पर्धक, प्रेक्षक आणि निशाणे घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक या तिघांचा विमा उतरविल्याखेरीज परवानगीच मिळू नये, आणि विम्याची रक्कम प्रवेशपत्रावर ठळक अक्षरांत छापावी. हमीपत्राची भाषा समूळ बदलावी. त्यात या खेळात काय काय होऊ शकते हे साध्या मराठीत लिहावे. आयोजक कोणती काळजी घेण्यास बांधलेला आहे हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. आणि सही स्पर्धकाबरोबर आयोजकानेही करावी. अठरा वर्षांखालील मुलांची सही घेण्याचे नाटक बंद करून त्यांस केवळ महासंघाच्या नियमांखाली, मान्य धावपट्टीवर आणि वयास शोभेल अशाच यंत्रावर उतरू द्यावे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था १९७१ पासून आहे; नियम व परवाने यांची घडी तिने बसविली आहे. ती घडी मोठ्या शहरांपुरती न ठेवता मराठवाड्यातल्या माळापर्यंत, तेथल्या ऐपतीस झेपेल अशा रूपात, आली पाहिजे. ज्या कारखान्यांनी या शहरात वाहने घडविली त्यांनी एखादी लहानशी सुरक्षित धावपट्टी उभारून दिली, तर ते दान नव्हे, ऋणफेड ठरेल.

उरला स्पर्धक. त्यासही आमचे सांगणे आहे, आणि ते त्यास गोड लागणार नाही. ज्याला धोका पत्करावयाचा आहे त्याने तो जाणून पत्करावा. जाणल्यावाचून पत्करलेला धोका हे शौर्य नव्हे, ते निव्वळ अज्ञान होय. विम्याचा कागद वाचावा. मैदान पायी फिरून पाहावे. खांब दिसला तर ‘हा काढा’ म्हणावे, आणि काढला नाही तर गाडी परत न्यावी. गाडी परत नेण्यास जे धैर्य लागते ते वळण घेण्यास लागणाऱ्या धैर्याहून कमी नाही. आणि सही करण्यापूर्वी तो कागद घरात आईबापांपुढे, लग्न झाले असल्यास पत्नीपुढे ठेवावा. जी गोष्ट ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणून करावयाची ती ज्यांच्या जबाबदारीवर खरोखर होणार आहे, त्यांस निदान वाचावयास तरी मिळाली पाहिजे. तो कागद घरात दाखविण्याची ज्यास लाज वाटते, त्याने त्यावर सही करू नये. आणि जो आयोजक असा कागद घरी नेऊ देत नाही, त्याच्या माळावर पाऊलही टाकू नये.